परक्या चुलीचे अन्न

नागपूर सोडून काटोलच्या दिशेने निघालेला रस्ता, शहराची अखेरची वस्ती मागे पडली की संत्र्यांच्या बागा आणि कपाशीची काळ्या मातीची शेते यांच्यामधून वाट काढीत ज्या तालुक्याच्या गावी येऊन टेकतो, त्या कळमेश्वरात भल्या सकाळी उतरणाऱ्या मनुष्यास प्रथम जे दर्शन घडते ते देवळाच्या कळसाचे नव्हे, तहसील कचेरीच्या फाटकाचेही नव्हे, तर पोह्यांनी काठोकाठ भरलेल्या एका कढईचे. कढईच्या शेजारी, मंद आचेवर ठेवलेल्या गंजात हरभऱ्यांचा रस्सा रटरटत असतो, आणि त्याच्या पृष्ठभागावर तेलाचा जो तांबडाभडक तवंग साचलेला असतो त्यास या मुलखात 'तर्री' असे सार्थ नाव आहे. विक्रेता पोह्यांची बशी डाव्या हातात धरतो, उजव्या हातातील डाव रश्श्याच्या पोटात न बुडवता केवळ वरून फिरवतो, आणि मनगटाच्या एका अभ्यस्त हिसक्यासरशी ती लाली पिवळ्या पोह्यांवर पसरून देतो. मग वरून कच्चा कांदा, निंबाची फोड आणि 'सांबार टाकू का जी?' असा प्रश्न. पुण्याकडचा नवखा पाहुणा या प्रश्नाने हमखास चकतो, कारण कोथिंबिरीस सांबार म्हणण्याची इकडची वहिवाट त्याला ठाऊक नसते, आणि पोह्यांवर मद्रासी सांबार ओतण्याचा हा काय अघोरी प्रकार, अशा शंकेने तो क्षणभर बशी मागे ओढतो.

या कढईभोवती जमलेला समुदाय न्याहाळण्याजोगा असतो. औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांमध्ये, विशेषतः पोलादी पत्र्यांस जस्ताचा मुलामा आणि रंग चढवणाऱ्या मोठ्या कारखान्यात, रात्रपाळी संपवून आलेले कामगार त्यात असतात, आणि त्यांच्या डोळ्यांतील तांबूसपणा व बशीतील तर्री यांत डावेउजवे करणे कठीण जावे अशी त्यांची स्थिती असते. नागपूर-इटारसी लोहमार्गावरील गाडी गाठून शहरात जाणारे विद्यार्थी असतात. मोहपा, धापेवाडा किंवा गोंडखैरीच्या बाजूने सातबाऱ्याचा उतारा, फेरफाराची नोंद अथवा वारसाचा दाखला या कामांसाठी आलेले आणि कचेरी उघडण्यास अजून अवकाश आहे हे जाणून मुक्काम तेथेच ठोकलेले शेतकरी असतात. बागांचा सौदा करण्यास निघालेला एखादा संत्र्याचा व्यापारी असतो. परंतु केवळ हौस म्हणून, घरच्या अन्नाचा कंटाळा आला म्हणून, अथवा जिभेचे चोचले पुरवावेत म्हणून आलेला मनुष्य या घोळक्यात शोधूनही सापडावयाचा नाही.

मला जे सांगावयाचे आहे त्याचा प्रारंभ येथे होतो. 'बाहेर जेवणे' या शब्दांशी आज आपण जी चैन जोडतो, ती चैन या व्यवहाराच्या इतिहासात फार उशिरा आलेली आहे. ज्याचे घर दूर आहे, ज्याच्या घरी चूल पेटवणारे कोणी नाही, ज्याच्या पाळीची वेळ घरच्या जेवणाच्या वेळेशी जुळत नाही, अशा श्रमजीवी मनुष्याची निकड हाच खानावळीचा मूळ पाया होय. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या खानावळी टिकल्या आणि ज्यांच्या नावाने पुढे एखाद्या प्रांताची रुचीच ओळखली जाऊ लागली, त्या बहुधा अशाच श्रमजीवी घरांतून निघालेल्या आहेत. जेवणारा जसा कारागीर, तशीच जेवू घालणारीही कारागिराचीच घरधनीण.

जुन्या काळी आपल्याकडे प्रवासी मनुष्य परक्या चुलीचे अन्न शक्यतो टाळीत असे. शिदोरी बांधून घ्यावी, ती सरल्यावर धर्मशाळेच्या ओसरीवर तीन दगड मांडून स्वहस्ते भात शिजवावा, आणि पाणीही पाहून प्यावे, असा शिरस्ता होता. रेल्वे आल्यानंतरही तो मोडला नाही, उलट सरकारी बंदोबस्तात जाऊन बसला, आणि स्थानकास्थानकांवर 'हिंदू पाणी' व 'मुसलमान पाणी' अशा निरनिराळ्या घागरी कित्येक दशके नांदल्या.

चौदाव्या शतकातील मोरोक्को देशीचा प्रवासी इब्न बतूता, जो पुढे दिल्लीपती महंमद तुघलकाच्या पदरी काझी म्हणून राहिला, दौलताबादेहून निघून नंदुरबारवरून गेला होता. तेथे राहणाऱ्या मराठ्यांविषयी त्याने लिहून ठेवले आहे की हे लोक कसबी कारागीर आहेत, भात, भाजीपाला आणि तिळाचे तेल हे त्यांचे अन्न आहे, आणि जेवणापूर्वीच्या स्नानाविषयी ते फार काटेकोर आहेत. त्यांच्या पंगतीला बसल्याचा उल्लेख मात्र तो करीत नाही, आणि त्याचे कारण आपणांस सांगावयास नको.

हाच गृहस्थ हिंदुस्थानात येण्यापूर्वी आजच्या तुर्कस्थानच्या भूमीतून, म्हणजे अनातोलियातून, हिंडून आला होता आणि तेथील त्याचा अनुभव याच्या अगदी उलट टोकाचा आहे. देनिझली नामक शहरात तो शिरला तेव्हा बाजारातील दुकानांतून काही माणसे धावत बाहेर आली, त्यांनी त्याच्या घोड्यांचे लगाम धरले, इतक्यात दुसरी टोळी आली, दोहोंत बाचाबाची जुंपली आणि हातघाईवर येऊन सुरेही बाहेर निघाले. आता आपण लुटले जाणार अशी त्याची खात्री होऊन चुकली असता अरबी जाणणाऱ्या एका हाजीने उलगडा केला की ही दरोडेखोरांची झुंज नसून, पाहुण्यास प्रथम जेवू कोणी घालावयाचे याविषयीचा तंटा आहे. चिठ्ठ्या टाकून त्याचा निवाडा झाला. या टोळ्या 'अही' म्हणवणाऱ्या बंधुसंघांच्या होत्या, आणि त्यांत कोण असत? चांभार, विणकर, लोहार, सुतार अशी तरुण कारागीर मंडळी. दिवसभर आपापल्या धंद्यात मिळवलेले द्रव्य ती सायंकाळी आपल्या प्रमुखाच्या हवाली करीत, त्यातून फळे व अन्न सिद्ध होई, आणि त्या दिवशी गावात कोणी परस्थ आला असेल तर तो त्यांचा अतिथी होई. कोणी न आल्यास ती मंडळी आपसांतच जेवत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपापल्या कामास लागत.

त्या देशात आजही दुपारच्या जेवणासाठी गावोगाव जी साधी उपाहारगृहे दिसतात त्यांस 'एस्नाफ लोकांतासी' म्हणतात. 'लोकांता' हा शब्द इटालियनांच्या 'लोकांदा'वरून, म्हणजे सराई या अर्थाच्या शब्दावरून, तिकडे गेला, आणि 'एस्नाफ' म्हणजे बाजारातील कारागीर व छोटे दुकानदार. नावातच गिऱ्हाईक कोण हे नमूद आहे. सकाळी पाचदहा पदार्थ शिजवून काचेआड गरम पाण्यावरील ताटांत मांडून ठेवावयाचे, जेवणाऱ्याने बोटाने दाखवावयाचे, वाढप्याने वाढावयाचे, आणि दुपार कलली की भांडी रिकामी होऊन दुकान मिटावयाचे. पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची पातळ उसळ आणि शेजारी तुपाळ भात, ज्यास ते 'कुरू फासुल्ये' आणि 'पिलाव' म्हणतात, हे त्या गरिबाच्या जेवणाचे तेथील मानचिन्ह. मांस परवडत नाही त्या दिवशी कडधान्याने देह तगवावयाचा, हे शहाणपण मात्र कोणा एका देशाची मिरास नाही. कळमेश्वरात त्याचे नाव डाळकांदा आहे.

भाषेच्या दृष्टीने पाहिले तर त्या लोकांतेत मराठी मनुष्य अगदीच पोरका ठरू नये. तिकडे दुकानास 'दुक्कान', तव्यास 'तावा' म्हणतात. ज्याला आपली खेडवळ माणसे 'शेरवा' म्हणतात तो मटणाचा पातळ रस आणि तिकडची 'चोर्बा' हे एकाच फार्सी शब्दाचे वंशज. बारीक तुकडे केलेल्या मांसास ते 'कियमा' म्हणतात, आणि तोच शब्द फार्सीच्या वाटेने येऊन आपल्या फलकांवर 'खिमा' होऊन बसला आहे. वाढप्यास संतोषाने जे द्यावयाचे ते 'बाहशिश', म्हणजे आपली बक्षिशी. आणि जेवण उरकल्यावर पैसे किती झाले हे विचारण्यासाठी तो तुर्क जो शब्द उच्चारतो तो 'हेसाप', म्हणजे आपला हिशेब. शिवकालीन दफ्तरांतून आणि पेशव्यांच्या जमाखर्चांतून ज्या शब्दाने आपल्याकडे इतकी वर्षे चाकरी केली, तो तेथे गल्लीबोळातल्या भोजनगृहात रोज दुपारी कानी पडतो, ही कल्पना मला मोठी मौजेची वाटते.

तुर्कस्थानच्या आग्नेयेस, सीरियाच्या सीमेनजीक, गाझियांतेप नावाचे शहर आहे. पाकशास्त्राच्या कीर्तीमुळे युनेस्कोने २०१५ साली त्यास आपल्या सर्जनशील नगरांच्या यादीत स्थान दिले, आणि तेथील बकलावा या पक्वान्नास त्याच्या दोन वर्षे आधी युरोपीय संघाने भौगोलिक संरक्षण दिलेले होते. या शहराचा एक रिवाज मात्र मला बकलाव्याहून अधिक जवळचा वाटतो. तेथील माणसे पहाटेच्या प्रहरी 'बेयरान' नावाचा रस्सा पितात. मेंढीचे उकडून तंतू सोडवलेले मांस, तळाशी थोडा भात, मुबलक लसूण आणि तांबडी मिरची, आणि हे सर्व त्या भांड्यासकट प्रखर ज्वाळेवर धरून उकळता उकळता समोर ठेवलेले. सकाळी सात वाजता मिरचीने घाम फुटावा आणि त्या घामाने रात्रीचा शीण उतरावा, या सिद्धांतावर कळमेश्वर आणि गाझियांतेप यांचे मतैक्य आहे, आणि विशेष असे की ज्या मिरचीच्या साक्षीने हे मतैक्य झाले ती दोघांच्याही घरची नव्हे. पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही वनस्पती अमेरिकेबाहेर कोणास ठाऊक नव्हती. पोर्तुगीजांनी ती आमच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरवली, आणि मिरे व पिंपळी यांच्यावर तिखटाची भूक भागवणाऱ्या या देशाने तिला इतक्या त्वरेने दत्तक घेतले की आज भिवापुरी मिरचीचा नागपुरी अभिमानी तिला अनादि मानतो.

भिवापुरी मिरचीचा उल्लेख झाला की सावजींचा विषय टाळता येत नाही, आणि टाळण्याची इच्छाही नाही.

नागपूर शहर गोंड राजा बख्तबुलंद याने वसवले आणि पुढे रघुजी भोसल्यांच्या अमदानीत ते राजधानीच्या योग्यतेस चढले. दरबार आला म्हणजे पागोटी, धोतरे, रेशीमकाठी लुगडी यांची मागणी आली, आणि त्यामागोमाग विणकरांची वस्ती वाढली. हलबा कोष्टी या नावाने ओळखला जाणारा हा समाज शहराच्या पूर्वभागात, महाल-इतवारीच्या पलीकडे गोळीबार चौक, पाचपावली, तांडापेठ या बाजूस दाट वस्ती करून राहिला. परस्परांस 'सावजी' असे आदराने संबोधण्याची त्यांच्यात चाल असल्यामुळे तेच नाव बाहेरच्यांनीही उचलले. १८५४ साली हे राज्य खालसा झाले, १८६७ साली लोहमार्ग नागपुरास येऊन भिडला, आणि त्या मार्गाने कापसाच्या गाठी बाहेर जाऊ लागल्या तसे विलायती कापडही आत येऊ लागले. १ जानेवारी १८७७ रोजी, ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले गेले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिलचा प्रारंभ केला. काही विणकर गिरणीत गेले, काहींनी माग धरून ठेवला. हातमागाची कमाई मात्र उत्तरोत्तर आटत गेली, आणि विसावे शतक सरता सरता गिरण्यांचे भोंगेही थांबले.

अशा घरांतून चूल बाहेर आली. माग चालत असताना घरातील स्त्री कांड्या भरी, ताण्याची मदत करी, आणि या दोहोंच्या मधल्या वेळात चुलीवर काहीतरी मंद शिजत राही. ज्याच्याकडे वारंवार उठून पाहण्याची गरज नाही, शिजता शिजता जो अधिकच मुरतो, थोड्या मांसात पुष्कळ माणसांस पुरतो आणि ज्वारीच्या कोरड्या भाकरीस ओलावा देतो, असा काळा, दाट, तिखट रस्सा त्या परिस्थितीचेच अपत्य होय, असे माझे अनुमान आहे. मग केव्हातरी समोरच्या खोलीतील माग हलला, त्या जागी दोन बाके आली, आणि ओळखीच्यांस, मग ओळखीच्यांच्या ओळखीच्यांस, पैसे घेऊन जेवू घालणे सुरू झाले. सावजी भोजनालयाच्या जन्मकथेचा सारांश थोड्याफार फरकाने सर्वत्र हाच आढळतो.

त्या रश्श्याचे शास्त्र किंचित विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण त्याविषयी गैरसमज फार. परप्रांतीयांस वाटते की तिखटाची मूठ अधिक टाकली म्हणजे सावजी झाले. वस्तुतः त्यातील काळेपणा मिरचीचा नसतोच. सुके खोबरे आणि कांदा खरपूस, अगदी जळण्याच्या उंबरठ्यापर्यंत, भाजले जातात, त्यात दगडफूल पडते, आणि मग धने, खसखस, शहाजिरे, लवंग, दालचिनी, मिरे, मसाला वेलची, जायपत्री, नागकेसर, तेजपान यांपैकी प्रत्येक जिन्नस निरनिराळा भाजून एकत्र वाटला जातो. एक जिन्नस दुसऱ्यासवे भाजणारी बाई या कामात कच्ची समजावी. रश्श्यास दाटपणा यावा म्हणून थोडे ज्वारीचे पीठ लावतात. तेल पूर्वी जवसाचे असे, कारण जवस हे या मुलखाचे हुकमी पीक होते आणि घाण्यावर काढलेले त्याचे तेल गरिबाच्या आवाक्यातले होते. त्याची ती उग्र, किंचित कडवट चव ज्यांनी चाखली आहे ते म्हातारे आजच्या सोयाबीनच्या तेलातील रश्श्यास 'रंग आहे, पण बोल नाही' असे म्हणतात.

पदार्थांची यादीही त्या घराची सांपत्तिक स्थिती स्पष्ट सांगते. मांडीचे मांस ज्यास परवडते तो ते घेतो, परंतु खूर, मुंडी, कलेजी आणि आतडी यांना येथे दुय्यम स्थान नाही. आतड्यांच्या पदार्थास 'सुंदरी' असे नाव देणाऱ्या अज्ञात रसिकाची विनोदबुद्धी मला कालिदासाच्या विदूषकाहून सरस वाटते. शाकाहारी मनुष्यासाठी पाटोडी आहे. बेसन घट्ट शिजवून ताटात थापावयाचे, त्याच्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या पाडावयाच्या, आणि वाढतेवेळीच त्या रश्श्यात सोडावयाच्या, म्हणजे त्या विरघळत नाहीत आणि रस मात्र पिऊन घेतात. डाळकांद्याचा उल्लेख वर आलाच आहे. हरभऱ्याची डाळ आणि कांदा यांवाचून त्यात दुसरे काही नसते आणि मसाला मात्र मटणाचाच असतो, त्यामुळे महिनाअखेरीस खिसा हलका झालेला कामगार डोळे मिटून तो खातो आणि मटणाचा आनंद कल्पनेने घेतो.

आता एक नाजूक गोष्ट. सावजींच्या वस्तीत जेवावयास जाणारे सर्वच लोक कामगार नव्हते. ज्यांच्या घरी कांदालसणाचाही विटाळ होता अशा कुळांतील तरुण दिवेलागणीनंतर, कोणी पाहत नाही अशी खात्री करून, पाचपावलीच्या अंधाऱ्या बोळांतून जात, आणि परतताना तोंडात विडा व खिशात वेलदोडे ठेवीत, हे नागपुरातील जुनी माणसे हसत हसत सांगतात. त्या हसण्यात थोडीशी शरम लपलेली असते. विणकराच्या घरचे अन्न रात्री चालते आणि दिवसा चालत नाही, हा दंभ त्या रश्श्याने मोडला असे मी म्हणणार नाही, परंतु त्यास तडा दिला हे खरे. आणि ज्यांना रात्रीही त्या बाकांवर बसू दिले जात नव्हते, ज्यांचा चहाचा पेला दाराबाहेरच्या फळीवर निराळा ठेवलेला असे, त्यांचा प्रश्न तर रसिकतेने सुटण्यासारखा नव्हताच. तो कायद्याने हाती घ्यावा लागला. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग अथवा जन्मस्थान या कारणांवरून दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत कोणासही प्रवेश नाकारता येणार नाही असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, आणि १९५५ सालच्या अस्पृश्यताविषयक कायद्याने अशा नकारास शिक्षापात्र गुन्हा ठरवले. राज्याच्या मूळ दस्तऐवजात खानावळीचा नामनिर्देश व्हावा लागला, यावरून ती खानावळ किती लोकांस बंद होती हे समजते. त्याच नागपुरात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्या दोनतीन दिवसांत बाहेरगावाहून आलेल्या तेवढ्या माणसांच्या अन्नपाण्याची तजवीज वस्तीवस्तीतील चुलींनी कशी केली असेल, याचा विस्तृत वृत्तांत कोणीतरी लिहावयास हवा.

असो. कळमेश्वरातील एका भोजनालयात मी वारंवार जातो. त्याचे नाव सांगत नाही, कारण मालकाला ते आवडणार नाही, आणि दिवाळी अंक वाचून गाडीभर माणसे तेथे येऊन थडकली तर माझीच बसण्याची जागा जावयाची. रस्त्याच्या कडेस एक घर, समोर पत्र्याचा मांडव, मांडवात सहा टेबले. मांडव आणि माजघर यांच्यामध्ये केवळ एक पडदा आहे आणि तोही बहुधा बाजूला सारलेला असतो, त्यामुळे जेवता जेवता घरातील आजी निवडत बसलेले तांदूळ दिसतात, नातवाने मोठ्याने म्हटलेले पाढे ऐकू येतात, आणि कढईकडे उभ्या असलेल्या काकू मधूनच मागे वळून त्याची चूक दुरुस्त करतात. मालक, म्हणजे त्यांचे यजमान, वाढतात आणि वही लिहितात. रश्श्यात डाव घालण्याचा अधिकार त्यांना नाही.

"तिखट कमी करून देऊ का जी?" असे ते नव्या माणसास विचारतात. माणूस 'नको, नेहमीसारखेच' म्हणाला तर ते काही न बोलता पाण्याचा तांब्या त्याच्या जवळ सरकवून ठेवतात. या शांत कृतीत जी दया आहे तिची तुलना, तिखटाची शर्यत लावून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतील पाण्याची चित्रफीत काढणाऱ्या आजच्या थिल्लर चालीशी करून पाहावी. एका मोठ्या शहरात 'अस्सल सावजी' असा ठळक फलक पाहून मी मोठ्या आशेने आत शिरलो होतो. समोर आले ते तिखटाच्या पुडीने लाल केलेले पाणी. भाजलेल्या खोबऱ्याचा त्यास वाससुद्धा नव्हता. मी वाढप्याला दगडफूल घातले आहे का असे विचारले, तर त्याने ती काही शोभेची वस्तू असावी अशा मुद्रेने माझ्याकडे पाहिले. जिभेला फक्त जाळावयाचे असेल तर चुलीतील निखारा स्वस्त पडतो.

काकूंना एकदा मी विचारले की हा मसाला कोणाकडून शिकलात. "सासूबाईकडून जी. पण त्या माप सांगतच नव्हत्या. म्हणाच्या, वास आला का काढ." त्यांची सासू नागपुरात तांडापेठेत वाढलेली, लग्न होऊन इकडे आलेली. घरी माग होता तो कधी मोडला हे काकूंना आठवत नाही, मात्र त्याच्या लाकडाची फळी आज मसाल्याचे डबे ठेवण्याच्या कामी येते, ती त्यांनी मला दाखवली.

या भोजनालयाचे वर्ष पंचांगाप्रमाणे चालते. श्रावणात मटणाचा गंज उपडा पडतो आणि महिनाभर पाटोडी, वांगे, डाळकांदा यांचेच राज्य असते. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी, ज्याला इकडे 'कर' म्हणतात, महिनाभराचा उपवास एका दुपारी फिटतो आणि मांडवाबाहेर रांग लागते. आषाढात धापेवाड्याच्या यात्रेस, म्हणजे विदर्भाच्या पंढरपुरास, निघालेले भाविक याच रस्त्याने जातात. तेव्हा काकू कढई घासूनपुसून तीत साबुदाण्याची खिचडी करतात, आणि तिखट मात्र तेवढेच घालतात. संत्र्याचा बहार तोडणीस आला की मजुरांच्या टोळ्या सायंकाळी येतात, आणि पोरासोरांसह येतात. लहान मुलांच्या ताटाचे पैसे वहीत चढत नाहीत असे माझ्या नजरेस आले आहे.

त्या वहीविषयी दोन शब्द. एकट्या राहणाऱ्या कामगारांची खाती तीत आहेत. बिहार, ओडिशा, छत्तीसगड येथून आलेली ही मुले पगार झाला की पैसे देतात, त्यापूर्वी नावापुढे नुसत्या रेघा ओढल्या जातात. प्रारंभी त्यांना हा रस्सा झेपत नाही. दोन महिन्यांत झेपू लागतो, आणि सहा महिन्यांनी गावी गेले असता आईच्या हातचे जेवण मिळमिळीत लागते अशी कबुली त्यांतील एकाने मला दिली, ती देताना तो पुरता ओशाळला होता. हे वाक्य ऐकून मालक हसले नाहीत. "असं नाही म्हणाव बाप्पा," एवढेच ते म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात एका रात्री मी तेथे जेवत होतो. दहा वाजून गेले होते, टेबले पुसून झाली होती, आणि काकूंनी शेवटच्या चार भाकरी थापून टोपलीत झाकून ठेवल्या होत्या. त्या घरच्यांच्या होत्या. गिऱ्हाइके उठल्याशिवाय हे कुटुंब जेवत नाही. मी हिशेब विचारला. मालकांनी बोटांवर आकडे मोजले, भाकरी तीन, पाटोडी एक, भात अर्धा. रस्सा मी तीनदा मागून घेतला होता, त्याची मी आठवण केली.

"रस्सा नाही धरत जी हिशेबात."

मी पैसे ठेवून उठतो तोच पाळी लांबलेला एक मुलगा सायकल टेकवून आत आला आणि काही आहे का म्हणून विचारू लागला. मालकांनी पडद्याकडे पाहिले. गंज रिकामा झाल्याचा, सराट्याने तळ खरवडल्याचा आवाज मी नुकताच ऐकला होता. आतून क्षणभर काही उत्तर आले नाही. मग टोपलीवरचे फडके सारल्याचे जाणवले, घरच्यांसाठी काढून ठेवलेल्या वाटीतील डाळकांदा ताटात पडला, त्याच्या शेजारी दोन भाकरी आल्या, आणि ताट पडद्याबाहेर सरकवून काकूंनी पिठाचा डबा पुन्हा खाली काढला.